दुसरं मत

(निगडीतल्या मासिक अभ्यासवर्गात केलेलं भाषण. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)



मागच्या महिन्यात आपली बैठक एका प्रश्नावर अर्धवट सुटली. आपल्यातल्या एका भाईंना त्यांच्या भागातल्या समितीवर ‘अल्पसंख्याक प्रतिनिधी’ म्हणून या, असं बोलावणं आलं होतं. जावं की जाऊ नये? निम्मे म्हणाले, आत गेल्याशिवाय कामं होत नाहीत. निम्मे म्हणाले, ही फोटोपुरती खुर्ची आहे, दुसऱ्यानं मांडलेली, तिच्यावर बसणारा त्यांचाच माणूस होतो. आवाज जरा चढले. मग मगरिबची अजान झाली आणि विषय तिथेच राहिला. निघताना मला सांगितलं, तू वाचत असतोस ना, मग पुढच्या वेळी तूच मांड.

मी इतिहासाचा माणूस नाही. इंजिनिअरिंग केलं, सॉफ्टवेअर लिहितो, कंपनीच्या बसमध्ये वाचतो. तेव्हा हे एका वाचकाचं बोलणं समजून ऐका. सुरुवात थोडी लांबून करतो, पण येणार आहे येरवड्यालाच.

दक्षिण आफ्रिकेत गोऱ्यांच्या सरकारनं १९१३ च्या कायद्यानं काळ्या लोकांना देशातली सुमारे ७ टक्के जमीन ठेवली. १९३६ नंतर ती वाढवून साधारण १३ टक्के केली. बहुसंख्य लोक, आणि जमीन एवढी. पुढे त्या तुकड्यांवर भाषा आणि जमातीनुसार दहा ‘होमलँड’ आखले. प्रत्येकाला विधानसभा, मुख्यमंत्री, कचेऱ्या. वरून पाहिलं तर स्वराज्यच. आणि सरकार जगाला सांगायचं, बघा, आम्ही प्रत्येकाला त्याचं घर दिलं.

खरी मेख नागरिकत्वात होती. १९७० च्या कायद्यानं प्रत्येक काळा माणूस कुठल्या ना कुठल्या होमलँडचा नागरिक ठरला. मग तो जन्मला जोहान्सबर्गला असो, वाढला तिथे असो, त्यानं आपलं होमलँड डोळ्यांनी पाहिलेलं नसो. आणि होमलँडनं ‘स्वातंत्र्य’ घेतलं की त्याचं दक्षिण आफ्रिकेचं नागरिकत्व संपलं. म्हणजे देश जिथल्या तिथे, माणूस जिथल्या तिथे, फक्त कागदावर तो परदेशी. चार होमलँडांनी ते स्वातंत्र्य घेतलं: ट्रान्सकाय १९७६, बोफुथात्स्वाना १९७७, वेंडा १९७९, सिस्काय १९८१. बाहेरच्या एकाही देशानं त्यांना मान्यता दिली नाही. पण त्यांच्या पुढाऱ्यांना झेंडा मिळाला, राष्ट्रपती म्हणवून घेता आलं.

यातलं स्वाझी लोकांचं होमलँड म्हणजे कांग्वाने. पूर्व ट्रान्सवालमध्ये, स्वाझीलँड आणि मोझांबिकच्या सीमेला लागून. तिथला पुढारी एनॉस माबुझा. १९७८ मध्ये त्यानं इन्यांझा नावाची चळवळ काढली, आणि सरकारनं उभी केलेली तीच मुख्यमंत्र्याची खुर्ची घेतली. आपल्या मागच्या बैठकीतल्या निम्म्या लोकांनी त्याला तिथेच निकालात काढलं असतं. तिकडेही अनेकांनी काढलं. होमलँडचा पुढारी म्हणजे सरकारचा हस्तक, अशी तेव्हा सर्वसाधारण समजूत होती, आणि बऱ्याच जणांच्या बाबतीत ती बरोबरही होती.

१९८२ मध्ये त्याची परीक्षा झाली. प्रिटोरिया सरकारनं ठरवलं की कांग्वाने, आणि खाली झुलूंच्या वाट्याचा इंग्वावुमा हा पट्टा, दोन्ही सरळ स्वाझीलँडच्या राजाला देऊन टाकायचे. राजाला जुनी जमीन परत मिळणार, इंग्वावुमामुळे समुद्रापर्यंत वाट मिळणार. सरकारला काय मिळणार? लाखो काळे लोक एका फटक्यात देशाच्या हिशेबातून बाहेर. कांग्वानेची विधानसभा बरखास्त केली गेली. स्वाझी लोकांतही राजाकडे जायला तयार असलेला सरदारांचा एक गट होताच. भाषा तीच, राजा आपला, मग हरकत काय?

माबुझाची हरकत अशी होती की आम्ही स्वाझी आहोत, पण आम्ही दक्षिण आफ्रिकेचे आहोत. प्रकरण कोर्टात गेलं. इंग्वावुमाबाबत सरकार कोर्टात हरलं, कांग्वानेबाबत माघार घेऊन विधानसभा पुन्हा बसवावी लागली, आणि १९८४ मध्ये तो सगळा बेतच सोडून दिला गेला. त्याच वर्षी कांग्वानेला ‘स्वशासन’ मिळालं. त्याच्या पुढची पायरी स्वातंत्र्याची होती. ती माबुझानं कधी चढली नाही. उलट मार्च १९८६ मध्ये तो शिष्टमंडळ घेऊन लुसाकाला गेला आणि बंदी असलेल्या आफ्रिकन नॅशनल काँग्रेसच्या नेत्यांना भेटला. १९९४ मध्ये सगळी होमलँडं विसर्जित झाली, कांग्वाने आज म्पुमलांगा प्रांतात आहे.

(जाता जाता: तिकडे हे चाललं होतं त्याच १९८२ च्या ऑक्टोबरमध्ये इकडे आपली पिंपरी-चिंचवड महानगरपालिका झाली. संबंध काही नाही. पण मला तारखा अशा शेजारी ठेवून बघायची सवय आहे.)

मला यात महत्त्वाचं वाटतं ते हे: खुर्ची कुणी मांडली, हा प्रश्न माबुझानं शेवटचा मानला नाही. या खुर्चीवर बसल्यामुळे उरलेल्या देशावरचा माझ्या लोकांचा हक्क सुटतो का, हे त्यानं पाहिलं. सुटत नाही तोवर बसला. जिथे सुटणार होता, तिथे कोर्टात उभा राहिला.

आता आपल्याकडे या. आपल्याकडे कुणी होमलँड आखली नाहीत, तेव्हा ओढूनताणून तुलना मला करायची नाही. पण राज्यकर्त्यानं वेगळी जागा देऊ करायची आणि त्या बदल्यात काय सुटतंय हे घेणाऱ्यानं ओळखायचं किंवा ओळखायचं नाही, हा प्रसंग आपल्याकडे दोनदा आला. पहिल्यांदा मुसलमानांपुढे.

१९०९ च्या सुधारणांत मुसलमानांना विभक्त मतदारसंघ मिळाले. मुसलमान उमेदवार, मुसलमान मतदार. हे शाळेत शिकवतात. जे शिकवत नाहीत ते असं की तेव्हा पात्र मुसलमान मतदाराला सर्वसाधारण मतदारसंघातही मत होतं. दोन मतं. एक स्वतःच्या माणसासाठी, दुसरं सगळ्यांच्या माणसासाठी. अर्थात मतदार म्हणजे जमीनदार, पदवीधर, कर भरणारे असे मूठभर लोक, पण तत्त्व ते होतं.

मग डिसेंबर १९१६ मध्ये लखनौ करार झाला. काँग्रेस आणि मुस्लिम लीग यांच्यातला. आपल्या पुण्याचे टिळक आणि मुंबईचे जिना, दोघांचाही त्यात मोठा हात. हिंदू-मुस्लिम ऐक्याचा तो सोन्याचा दिवस म्हणून सांगितला जातो, आणि हेतूबद्दल मला शंका नाही. काँग्रेसनं विभक्त मतदारसंघ मान्य केले. जिथे मुसलमान थोडे होते तिथे लोकसंख्येपेक्षा जास्त जागा दिल्या. मुंबई इलाख्यात निवडून येणाऱ्या हिंदी सभासदांपैकी एक तृतीयांश मुसलमान असतील असं ठरलं. आणि त्याच करारात एक अट होती: मुसलमानांनी आता सर्वसाधारण निवडणुकीत भाग घ्यायचा नाही.

दुसरं मत गेलं. जागा वाढल्या, मत गेलं.

याचा परिणाम काय झाला असेल, विचार करा. पुण्यातल्या हिंदू उमेदवाराला मोमीनपुऱ्यात जायचं कारणच उरलं नाही. मुसलमान उमेदवाराला कसब्यात जायचं कारण उरलं नाही. दोघांनाही आपापल्या लोकांपुढे जास्तीत जास्त मोठ्यानं बोलण्यातच फायदा. पुढच्या तीस वर्षांचं सगळं खापर मी या एका अटीवर फोडत नाही, तेवढं सोपं काही नसतं. पण ती अट आपल्या बाजूच्या वाटाघाटी करणाऱ्यांनी फार न कुरकुरता स्वीकारली, याचं मला राहून राहून आश्चर्य वाटतं. त्यांनी जागा मोजल्या. दारं मोजली नाहीत.

दुसऱ्यांदा हा प्रसंग आला तो बाबासाहेब आंबेडकरांपुढे.

बाबासाहेबांचं राजकारण सुरू झालं तेच दिलेल्या खुर्चीवरून, हे आपण विसरतो. १९२७ मध्ये ते मुंबई कायदेमंडळात आले ते निवडून नव्हे, सरकारनियुक्त सभासद म्हणून. त्याच वर्षी मार्चमध्ये त्यांनी महाडला चवदार तळ्याचं पाणी घेतलं. (डिसेंबरच्या दुसऱ्या परिषदेला जागा मिळेना, तेव्हा ती फत्तेखान नावाच्या मुस्लिम गृहस्थानं दिली. हे आपल्या मुलांना सांगत जा.) म्हणजे नियुक्त खुर्ची आणि तळ्यावरचा सत्याग्रह एकाच माणसाच्या एकाच वर्षात. १९२८ मध्ये देशभर सायमन कमिशनवर बहिष्काराची लाट असताना त्यांनी पुण्यात त्या कमिशनपुढे साक्ष दिली. सरकारधार्जिणे म्हणून शिव्या खाल्ल्या. पण त्या वेळी त्यांनी मागितलं काय होतं? विभक्त मतदारसंघ नाही. प्रौढ मताधिकार आणि संयुक्त मतदारसंघात राखीव जागा. शिवाय नियुक्तीची पद्धत बंद करा, आम्हाला निवडून येऊ द्या. नियुक्त माणूसच हे सांगत होता.

गोलमेज परिषदेपर्यंत त्यांची भूमिका बदलली. सर्वांना मताधिकार मिळण्याचं चिन्ह दिसेना, मग त्यांनी काही वर्षांसाठी विभक्त मतदारसंघ मागितले. ऑगस्ट १९३२ मध्ये ब्रिटिश पंतप्रधानांनी जातीय निवाडा जाहीर केला. अस्पृश्यांना प्रांतिक कायदेमंडळांत ७१ खास जागा. आणि इथे बारकाईनं बघा: त्या जागांसाठी फक्त अस्पृश्य मतदार मत देणार, पण त्याशिवाय सर्वसाधारण मतदारसंघातही त्यांचं मत राहणार. दोन मतं. मुसलमानांनी १९१६ मध्ये जे सोडलं, नेमकं तेच.

आमच्या क्षेत्रातल्या भाषेत सांगायचं तर एकाच माणसाला दोन परवानग्या: स्वतःच्या खोलीची किल्ली आणि इमारतीच्या मुख्य दाराचीही. नुसती खोलीची किल्ली दिली तर तो कोंडवाडा होऊ शकतो. नुसती मुख्य दाराची दिली तर आत शिरल्यावर बसायला जागा मिळेलच असं नाही.

२० सप्टेंबरला येरवडा तुरुंगात गांधीजींनी उपोषण सुरू केलं. इथून गाडीनं तासाभरावर आहे ते. तुरुंगाच्या आवारातल्या आंब्याच्या झाडाखाली खाट, आणि भोवती देशभरातले पुढारी. बाबासाहेबांवरचं दडपण कल्पनेपलीकडचं होतं. गांधीजींना काही झालं असतं तर खेड्याखेड्यातल्या अस्पृश्य वस्त्यांवर काय गुदरलं असतं, हे त्यांना ठाऊक होतं. २४ तारखेला करार झाला. सही करणाऱ्यांत अस्पृश्यांच्या बाजूनं मद्रासचे एम. सी. राजा होते, आणि पी. बाळू होते. बाळू म्हणजे पळवणकर बाळू, पुण्यात खेळपट्टीवर काम करता करता हिंदुस्थानातला पहिल्या दर्जाचा डावखुरा गोलंदाज झालेला माणूस. राजा आणि बाळू संयुक्त मतदारसंघाच्या बाजूचे होते. पुढे १९३७ मध्ये बाळू काँग्रेसकडून बाबासाहेबांविरुद्ध उभे राहिले आणि हरले. एकाच समाजातली ही दोन माणसं, आणि कुणीही दुसऱ्याहून कमी सोसलेलं नव्हतं. म्हणून ‘आपला माणूस’ म्हणजे कोण, हे मला वाटतं तितकं सोपं नाही.

करारात जागा ७१ च्या १४८ झाल्या. मुंबई इलाख्यात, तेव्हाच्या सिंधसह, १५. अस्पृश्य मतदारांनी आधी चार उमेदवार निवडायचे, मग त्यातला एक सर्वांनी मिळून. आणि दुसरं मत गेलं.

पुन्हा तेच. जागा दुपटीहून जास्त, मत एक.

पण १९१६ आणि १९३२ मध्ये फरक आहे. लखनौत आपल्या पुढाऱ्यांनी मुख्य दाराची किल्ली दिली आणि खोली ठेवली. येरवड्यात बाबासाहेबांना खोली सोडावी लागली, मुख्य दार राहिलं. आणि मुख्य फरक असा की काय गेलं हे बाबासाहेबांना त्याच दिवशी कळत होतं. पुढे १९४५ मध्ये काँग्रेस आणि गांधींवरच्या पुस्तकात त्यांनी स्पष्टच लिहिलं की वाढलेल्या जागा ही दुसऱ्या मताची भरपाई होऊ शकत नाही, कारण त्या मतामुळे प्रत्येक सवर्ण उमेदवाराला अस्पृश्याच्या दारात यावं लागलं असतं.

कुणी म्हणेल, याच बाबासाहेबांच्या चळवळीनं १९४२ च्या नागपूर परिषदेत अस्पृश्यांसाठी वेगळी गावं मागितली, मग ते होमलँडच नाही का? मी यावर बराच विचार केला. नाही. वेगळं गाव मागितलं ते गावकीच्या दावणीतून सुटण्यासाठी. त्या गावातल्या माणसाचा देशावरचा, सरकारावरचा, मतावरचा हक्क कमी व्हावा अशी मागणी नव्हती. तेच लोक त्याच वेळी कायदेमंडळांत, नोकऱ्यांत, मंत्रिमंडळात वाटा मागत होते. कांग्वाने आखणाऱ्याला नेमकं उलटं हवं होतं: गाव घ्या, देश सोडा.

आता शेवटचा टप्पा, आपला. संविधान सभेत ऑगस्ट १९४७ मध्ये मद्रासच्या पोकर साहेबांनी विभक्त मतदारसंघ पुन्हा मागितले, ते फेटाळले गेले. मे १९४९ मध्ये धार्मिक अल्पसंख्याकांच्या राखीव जागाही काढून टाकल्या गेल्या. बेगम ऐजाज रसूल यांनी त्या काढण्याच्या बाजूनं भाषण केलं, मद्रासचे मुहम्मद इस्माईल विरोधात होते. बेगमसाहेबांशी सहमत व्हा वा न होऊ नका, पण एक गोष्ट नक्की झाली. १९१६ मध्ये जे मत आपण देऊन टाकलं, ते १९४९ नंतर आपल्याकडचं एकमेव मत आहे. खोली नाही. फक्त मुख्य दाराची किल्ली.

आणि आपण ती कशी वापरतो? प्रामाणिकपणे सांगा. महापालिकेची निवडणूक आली की उमेदवार आपल्याकडे येतो आणि कब्रस्तानच्या भिंतीबद्दल बोलतो. आपणही कब्रस्तानच्या भिंतीबद्दलच बोलतो. भिंत हवीच आहे, ईदगाहही हवं, उर्दू शाळेत शिक्षक हवेत, मी त्याला कमी लेखत नाही. पण तळवड्याहून चाकणला कामाला जाणारा आपला पोरगा रोज दोन-दोन तास तळेगाव चौकात अडकतो, तीन-तीन वर्षं कंत्राटावर राहतो, त्याच्या खोलीत उन्हाळ्यात एक दिवसाआड पाणी येतं. हे प्रश्न घेऊन आपण ‘मुसलमान’ म्हणून नव्हे, पण मुसलमान असूनही, किती वेळा गेलो?

फेब्रुवारी २०२५ मध्ये कुदळवाडीत भंगाराची गोदामं आणि वर्कशॉप पाडली गेली. त्यात मुसलमान खूप होते, पण फक्त मुसलमान नव्हते. इतर छोटे कारखानदार होते, मालवाहतूकवाले होते, रोजंदारीवरचे कामगार होते. बाहेर त्या प्रकरणाला एकच रंग देणारे होतेच. पण आपल्या बैठकीतही आपण ते ‘आपल्या लोकांवरचं’ संकट म्हणूनच बोललो. लघुउद्योगांची जागा कुठे, भाडेकरूचा हक्क काय, नोटिशीची मुदत किती असावी, हे प्रश्न भोसरी एमआयडीसीतल्या प्रत्येक लेथवाल्याचे होते. त्याच्या दारात आपण गेलो नाही. माझ्यासकट.

एक माझा अनुभव. दोन वर्षांपूर्वी एका सार्वजनिक बैठकीला मला ‘समाजाचे प्रतिनिधी’ म्हणून बोलावलं होतं. माझी पाळी आली तेव्हा मी आमच्या गल्लीतल्या तुंबणाऱ्या ड्रेनेजवर बोलायला लागलो. अध्यक्षस्थानी होते ते सज्जन गृहस्थ हसून म्हणाले, “अहो, तो विषय इतर मंडळी घेतील. तुम्ही तुमच्या सणांबद्दल सांगा.” वाईट हेतू अजिबात नव्हता. चहा विचारला, शालही दिली. मी शाल घेतली आणि सणांबद्दल बोललो. त्या रात्री मला झोप लागली नाही, कारण माझी दुसरी किल्ली मीच टेबलावर ठेवून आलो होतो आणि तेही एका शालीसाठी.

म्हणून आपल्या भाईंनी समितीवर जावं की नाही यावर माझं मत ‘हो’ किंवा ‘नाही’ असं नाही. मी त्यांना परवा फोन केला आणि एकच विचारलं: पत्रात विषय कोणते लिहिलेत? त्यांनी पत्राचा फोटो पाठवला. त्यात ‘सणासुदीच्या काळातील सहकार्य’ एवढंच होतं. मग आम्ही दोघांनी बसून उत्तर लिहिलं. मराठीत, अर्ध्या पानाचं. येण्यास आनंद आहे. सणांच्या विषयात पूर्ण सहकार्य करू. मात्र रस्ता, पाणी, ड्रेनेज आणि रात्रपाळीहून परतणाऱ्या कामगारांची सुरक्षितता या विषयांवरही इतर सभासदांप्रमाणे बोलता येईल का, ते लेखी कळवावं. खाली ‘अल्पसंख्याक प्रतिनिधी’ असं न लिहिता ‘रहिवासी’ असं लिहिलं.

पत्र सोमवारी दिलं, पोच घेतली आहे. उत्तर अजून यायचंय. आलं की पुढच्या बैठकीत वाचून दाखवू. आता प्रश्न असतील तर विचारा, मागे चहा आलेला दिसतोय.